पहिला वाचक

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचून वेळ घालवू नका.

हे घडलं भर दुपारी. लख्ख उजेडात. डबा खायच्या सुट्टीत.

आणि ही कुणा मैत्रिणीच्या आत्याच्या शेजारणीची ऐकीव गोष्ट नाही. मी होते तिथे. माझी सख्खी मावशी होती. मावशी अजून ठणठणीत आहे, विचारायचं तर तिलाच विचारा. फक्त ती दुपारी झोपलेली असताना उठवू नका. फार चिडते.

जागा म्हणजे विद्यापीठाचं रसायनशास्त्राचं ग्रंथालय. मोठं मध्यवर्ती ग्रंथालय वेगळं. हे प्रयोगशाळांच्या मागच्या अंगाला, फक्त रसायनशास्त्राची पुस्तकं ठेवणारं. बाहेर वाचायची खोली, तिच्यात एक लांबलचक टेबल. त्यामागे लोखंडी दार, आणि दाराच्या आत पुस्तकांची खोली. खिडक्या उंचावर, जाळी लावलेल्या. दुसरा रस्ता नाही.

त्या लोखंडी दाराला आतून-बाहेरून दोन्हीकडून लागणारं कुलूप होतं. किल्ल्या दोनच. एक मावशीकडे, एक माझ्याकडे.

हे लक्षात ठेवा. सगळी भानगड त्या किल्ल्यांचीच आहे.

मावशीची उभी हयात त्या ग्रंथालयात गेली. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. आई म्हणायची, "हिचं लग्न कधीच लागलंय, फक्त नवरा कपाटात असतो." मावशी हसायची. मलाही तिच्याच ओळखीने तिथे करारावर काम मिळालं होतं. ग्रंथालय बंद करून मध्यवर्ती ग्रंथालयात मिसळायचं ठरलं होतं, आणि त्याआधी त्याचा इतिहास लिहून एक पुस्तिका काढायची होती. ती मी लिहायची.

ज्याचा गळा दाबायचा त्याचं चरित्र आधी लिहून घ्यायचं. मोठ्या लोकांची रीतच न्यारी.

तर इतिहास असा. सुरुवात झाली एका कपाटापासून. पहिल्या प्राध्यापकांनी स्वतःची नियतकालिकं प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवली, आम्लाच्या बाटल्यांशेजारी. मुलं तिथेच उभ्याने वाचायची. सगळे त्यांना कपाटवाले सर म्हणायचे. पुढे कपाटाची खोली झाली, खोलीचं ग्रंथालय झालं.

त्या काळी परदेशी नियतकालिकं न कापलेली यायची. म्हणजे मोठा कागद घडी घालून शिवलेला, कडा बंद. घडी कापल्याशिवाय आतली पानं उघडायची नाहीत. कपाटवाल्या सरांनी नियम घालून दिला होता. ग्रंथालयाने पानं कापायची नाहीत. जो पहिल्यांदा वाचेल त्यानेच कापायची. त्यासाठी टेबलाला दोरीने एक लाकडी सुरी बांधलेली असायची. पहिला वाचक होण्याचा तो मान. मुलं म्हणे त्यावरून भांडायची.

ती सुरी मी गेले तेव्हाही तिथेच होती. दोरी तेवढी मावशीने बदललेली.

आणि आतल्या खोलीत एकदम मागे एक रॅक होतं. त्याला सगळे 'मुकी भिंत' म्हणायचे. तिथले खंड कपाटवाल्या सरांनी दूरच्या एका देशातून मागवलेले. मध्येच युद्ध लागलं, खोकी कुठल्यातरी बंदरात अडकून पडली. आली तेव्हा सर वारले होते. ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

खोकी उघडली, खंड रॅकवर लावले, आणि संपलं. एकही पान कुणी कापलं नाही. कधीच नाही.

मग मध्यवर्ती ग्रंथालयाचे नवे साहेब आले. हातात मोजायची पट्टी घेऊनच फिरायचे. कुठलं रॅक किती फूट, कुठलं किती इंच. मी त्यांचं नाव फुटपट्टी ठेवलं होतं. त्यांनी मुकी भिंत मोजली, दोन-चार खंड उघडायचा प्रयत्न केला आणि म्हणाले,

"पानं कापलेली नाहीत म्हणजे कुणी वाचलेलं नाही. वाचलेलं नाही म्हणजे रद्दी. हे सगळं कागदाच्या गिरणीत लगद्याला जाईल."

मावशी म्हणाली, "साहेब, ती सरांनी मागवलेली आहेत."

"सर येणारेत का वाचायला?"



त्या दिवशी मावशी घरी येऊन जेवली नाही. नुसती बसून राहिली. तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, "एवढंच ना? मीच बसते एकेक पान कापत. कापलं की वाचलं! फुटपट्टीला काय कळणारे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पुस्तिकेसाठी फोटो काढायला मी मुक्या भिंतीवरचा पहिला खंड काढला. उघडला...

अर्ध्यापर्यंत कापलेला होता.

कापलेल्या कडांचे पांढरे केस अजून ताजे. फळीवर कागदाचा भुसा पडलेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. भुताची नव्हे हो. मावशीची.

दुसरं कोण असणार? किल्ल्या दोन. एक माझ्याकडे. मी तर कापलेलं नाही. राहिलं कोण? त्या खंडांसाठी जेवण सोडणारी माझी मावशी!

मला तिचा रागही आला आणि भीतीही वाटली. तिच्या निवृत्तीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. जन्मभर जिने ग्रंथालयातली साधी पेन्सिल घरी आणली नाही, ती शेवटच्या पायरीवर विद्यापीठाच्या मालमत्तेशी खेळताना सापडली तर? काढून टाकतील. नाव जाईल. मावशीकडे नावाशिवाय दुसरं होतं तरी काय?

मी काही बोलले नाही. फोटोही काढला नाही. गुपचूप तिच्यावर नजर ठेवायला लागले.

तिच्या बाहीवर कागदाचा भुसा दिसायचा. आता दिवसभर पुस्तकं झटकणाऱ्या बाईच्या बाहीवर दुसरं काय दिसणार? पण संशय आला की सगळंच दिसायला लागतं.

गंमत म्हणजे मावशीही माझ्याकडे बघायला लागली होती.

"दुपारी कुठे होतीस?"

"इथेच. का गं?"

"काही नाही. सहज."

"तू कुठे होतीस?"

"नळावर. डबा धूत होते."

डबा धुवायला एवढा वेळ? मी मनात म्हणायची. रात्री ताटावर दोघी मुक्या. आई वैतागली. "तुमचं दोघींचं काय बिनसलंय? माझ्या घरात तोंड फुगवून बसायचं नाही, सांगून ठेवते."

मग एका दुपारी मी वाचायच्या खोलीत एकटी होते. सुट्टी झालेली, वाचायला बसलेले सगळे डबे घेऊन बाहेर. लोखंडी दार बंद. कुलूप लागलेलं.

आणि आतून...

सर्र...

कागद कापल्याचा आवाज. हळू, लांब, एका दमात.

मग शांत. बराच वेळ शांत.

पुन्हा... सर्र...

मी जागच्या जागी बसून राहिले. म्हटलं, आतून कुलूप लावून बसली आहे. हात दुखत असेल, म्हणून थांबत थांबत कापतेय बिचारी. या वयात हे काय धंदे!

दार उघडून तिला पकडता आलं असतं. किल्ली माझ्या हातात होती. पण मग ती माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, ती मला बघायची नव्हती. मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता बाहेर निघून गेले.

त्यानंतरही आवाज आला. मी दर वेळी उठून बाहेर जायची. आंधळी नव्हते मी, पण व्हायचं ठरवलं होतं.

शेवटी लगद्याचा ट्रक ठरला. फुटपट्टी साहेब शेवटची तपासणी करायला आले. खंड काढत गेले, उघडत गेले, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. निम्म्याहून अधिक खंड कापलेले होते.

"हा काय प्रकार आहे?"

आम्ही दोघी खाली माना घालून उभ्या.

"रद्दी वाचवायला केलंय हे. मला काय दूधखुळा समजता? किल्ल्या तुमच्या दोघींकडे. दोघींपैकी एक. कोण ते उद्यापर्यंत सांगा. नाहीतर दोघींना घरी बसवतो."

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मी ठरवलं. सांगायचं, मी कापली. माझी नोकरी आज ना उद्या संपणारच होती. मावशीचं नाव तरी राहील.

सकाळी उठले तर मावशी आधीच गेलेली. आईला सांगून गेली, "आज जरा लवकर जाते."

मी धावत गेले. उशीर झाला होता.

तिने साहेबांसमोर कबूल केलं होतं. 'पानं मी कापली.' खाली सही.

तिला त्याच दिवसापासून घरी बसवलं. दुपारपर्यंत सामान आवरून, किल्ली परत देऊन निघायचं, असा हुकूम. सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले. जाताना एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. कालपर्यंत 'मावशी, मावशी' करणारे हेच.

ती टेबलाशी बसून पिशवी भरत होती. मी समोर जाऊन बसले. माझी किल्ली काढून टेबलावर आपटली. तिची आधीच तिथे होती.

"शेवटी बोललीस ना खरं? मला आधी सांगितलं असतंस तर काहीतरी केलं असतं की गं मी!"

मावशी थांबली. "खरं?"

"मग काय?"

"अगं गधडे, तुझ्यासाठी बोलले मी! तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे. एवढ्यात डाग लागला तर कोण उभं करेल तुला?"

"माझ्यासाठी? मी काय केलं?"

"आता बस झालं. घरी बसून तूच म्हणालीस ना, एकेक पान कापते म्हणून? रोज दुपारी आत बसून कापत होतीस. मी ऐकलंय माझ्या कानांनी. तुला पकडायला नको म्हणून नळावर जाऊन बसायचे मी!"

मला हसू आलं आणि रडूही आलं. "मावशी, मी एका पानाला हात लावलेला नाही. मला वाटलं तू..."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

मावशीचा चेहरा बघवत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी स्वतःच जाऊन दोर गळ्यात घालून आला होता.

टेबलावर दोन किल्ल्या. दोरीला बांधलेली लाकडी सुरी. समोर बंद लोखंडी दार.

आणि आतून...

सर्र...

माझी पाचावर धारण बसली. मावशीने माझा हात धरला.

शांत. किती वेळ कोण जाणे.

पुन्हा... सर्र...

मी उठायला लागले तर तिने मला खाली ओढलं. मान कलती करून ती ऐकत होती. माझ्यासारखी घाबरून नाही. कामावर असल्यासारखी.

"हा कापत नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"नीट ऐक. नुसतं कापायचं असतं तर सरसर कापत गेला असता. हा एक घडी कापतो, थांबतो. जेवढा वेळ पानं वाचायला लागतो, तेवढाच थांबतो. मग पुढची घडी." तिने आवाज आणखी खाली आणला. "हा वाचतोय."

तिने आवाज का खाली आणला, ते मला नंतर कळलं. भीतीने नाही. आत वाचक बसला की मावशी नेहमी हळूच बोलायची.

मी मात्र तशी नाही. मला राहवलं नाही. किल्ली उचलली आणि दार उघडलं.

आत ऊन होतं. जाळीतून पडलेलं, धूळ तरंगणारं. कुणी नाही. रॅकच्या मागे नाही, खाली नाही. लपायला जागाच नव्हती तिथे.

मुक्या भिंतीसमोर वरचे खंड काढायची स्टूलवजा शिडी असते ना, तिच्यावर एक खंड उघडा पडला होता.

त्याचं एक पान... उभं होतं.

आत वारा नव्हता. आम्ही बघत असताना ते पान हळूहळू कलंडलं आणि डाव्या बाजूला जाऊन पडलं. कुणीतरी उलटून, हात काढून घेतल्यासारखं.

त्याखालची घडी अजून बंद होती.

मावशी मला बाहेर घेऊन आली, दार लावलं, आणि म्हणाली, "मध्येच उठवलं आपण."

मी तशीच फुटपट्टीकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सकाळी गुन्हा कबूल, दुपारी भूत. संध्याकाळी काय?"

मावशी घरी बसली. चौकशी होईपर्यंत ते खंड पुरावा म्हणून ठेवायचे ठरले, म्हणून लगदा तेवढा टळला. साहेबांनी मुकी भिंत सगळीच्या सगळी उचलून स्वतःच्या खोलीतल्या कपाटात बंद केली. वर सील. माझा करारही संपला. पुस्तिका निघालीच नाही.

ते महिने मला आठवायला नको वाटतात. मावशी रस्त्याने जाताना ओळखीची माणसं पलीकडे व्हायची. कुणीतरी आईला विचारलं, "बहिणीने काय चोरलं म्हणे?" आईने त्या बाईला असं काही सुनावलं की विचारू नका. पण मावशीने ते ऐकलं होतं. तिने वाचन सोडलं. हातात पुस्तक धरायची नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायची.

आणि खरं सांगू? आम्ही दोघींनी तो आवाज एकत्र ऐकला, पण एकदाच. त्याआधीच्या दुपारींचं काय? कधी कधी मी तिच्याकडे बघायची आणि मनात किडा वळवळायचा. तीही माझ्याकडे बघायची. आम्ही एकमेकींना विचारायचं टाळायचो.

मग एका दुपारी फोन आला.

फुटपट्टी साहेब. आवाज ओळखू येईना.

"तुमच्या मावशी कुठे आहेत?"

"घरी. समोर झोपल्यात."

"आत्ता? नक्की?"

"आता फोटो काढून पाठवू का?" मी तडकले.

पलीकडून त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"सील मीच लावलं होतं," तो म्हणाला. "तसंच होतं. पण आवाज यायचा रोज. उंदीर असतील म्हटलं. आज कपाट उघडलं. सगळे खंड कापलेले आहेत. सगळे. शेवटच्या पानापर्यंत. मी एकेक तपासलं. कापायला आता एकही घडी उरलेली नाही."

"मग संपलं की साहेब."

"संपलं ना? मग..." त्याचा आवाज चिरकला. "मग हे काय आहे?"

त्याने फोन लांब धरला असावा.

खोलीची शांतता ऐकू आली. आणि मग...

सर्र...

मावशी कधी उठली कळलं नाही. तिने फोन काढून घेतला. शांतपणे सगळं ऐकलं. पलीकडे तो काहीतरी विनवत होता. 'या', 'बघा', 'तुम्हालाच कळेल' असं काहीसं.

मावशी म्हणाली, "साहेब, आधी माझ्यावरचा आळ काढा. लेखी. मग बघू."

आणि फोन ठेवला.

बाई गं, काय वाटलं मला तेव्हा!

पत्र दोन दिवसांत आलं. संशय निराधार, सन्मानाने निवृत्त, सगळं व्यवस्थित. मावशीने ते वाचलं, परत वाचलं, आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आईने ते पत्र गल्लीभर दाखवलं. 'काय चोरलं म्हणे' वालीला तर दोनदा.

मावशी मात्र त्या साहेबाकडे गेली नाही. "बघू म्हटलं होतं. बघितलं. नाही जायचं."

साहेबांनी आपली खोली बदलून घेतली आहे. ते कपाट जुन्या खोलीतच आहे. त्या खोलीत आता जुन्या संग्रहाची देखभाल करायला माणूस हवाय. पगार बरा आहे, आणि नोकरी कायमची. त्यांनी मला विचारलंय.

काल मी मावशीला म्हटलं, "काय करू?"

"घे की. अशी नोकरी दारात चालून येते का?"

"आणि ते? पानं तर संपली. तसे न कापलेले अंक निघणं बंद होऊन जमाना झाला. आता काय कापतोय गं तो?"

मावशी पुस्तक वाचत होती. हल्ली पुन्हा वाचते. तिने मान वर केली नाही.

"ते मला काय माहीत? तू एवढंच कर. दुपारचा डबा बाहेर खात जा."

मी अजून होकार कळवलेला नाही.